पटाचारेचे वस्त्र आणि तीन मिनिटांची स्मृती

मानसोपचार चालू असलेल्या रुग्णास दोन-तीन, फार तर दहा मिनिटांचा स्मृतीचा अभ्यास द्यावा, ही पद्धत आता अनेक देशांतील रुग्णालयांत रूढ झाली आहे. आपल्यातील काही अभ्यासक तिला धम्माचे पातळ केलेले रूप म्हणतात. हा आक्षेप आम्हास मान्य नाही. या पद्धतीत उणीव आहे. मात्र ती लघुत्वाची नव्हे.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून ही परंपरा निघाली. पुढे सीगल, विल्यम्स व टीसडेल यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या नैराश्यासाठी तिची मांडणी केली. त्यांचा तीन मिनिटांचा अभ्यास सोपा आहे. या क्षणी मनात काय चालले आहे ते पाहावे, मग श्वासावर यावे, शेवटी सर्व शरीराचे भान घ्यावे. इंग्लंडमधील पॉल चॅडविक यांनी, ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात अशा रुग्णांसाठी बैठक दहा मिनिटांच्या आसपास ठेवली आणि दीर्घ मौन टाळून मार्गदर्शकाने अधूनमधून बोलत राहावे अशी रीत घातली. मौनात असा रुग्ण त्या आवाजांतच हरवण्याचा संभव असतो. म्हणून येथे लघुत्व ही सवलत नसून उपचारातील विवेक आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांच्या शिबिरांनाही गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी येऊ नये, असे तेथील सूचनाच सांगतात. रुग्णाला ‘दीर्घ बैठक कर, गोळ्या सोड’ असा सल्ला देणाऱ्या उत्साही धम्मबांधवांनी एवढे तरी वाचावे.

पालि वाङ्मयही याच बाजूचे आहे. संयुत्त निकायातील अग्गि सुत्तात विझू लागलेल्या विस्तवाची उपमा आहे. मन मंदावले असता प्रशांती, समाधी व उपेक्षा यांची ती वेळ नव्हे. तेव्हा धम्मविचय, वीर्य व प्रीती जोपासावीत. मन क्षुब्ध असता याच्या उलट. स्मृती मात्र सर्वत्र उपयोगी. नैराश्याने खचलेल्या माणसाला ‘शांत बस’ एवढेच सांगणाऱ्याने हे सुत्त पाहिलेले नसते.

आता उणिवेकडे येऊ. थेरी पटाचारेची कथा आपल्या प्रवचनांत वारंवार येते. पती, दोन मुले, आई-वडील व भाऊ गमावून ती विवस्त्र, वेडी होऊन भटकते. तथागत तिला स्मृतीवर येण्यास सांगतात आणि ती भानावर येते. बहुतेक निवेदक येथेच थांबतात, जणू एका शब्दाने उपचार झाला. धम्मपद-अट्ठकथेतील कथा तेथे थांबत नाही. लोक तिच्यावर कचरा व ढेकळे फेकत असत. जेतवनातील श्रोतेही या वेडीला आत येऊ देऊ नका म्हणाले. भगवंतांनी त्यांना दूर केले. ती भानावर येताच एका उपासकाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. ते लपेटून तिने आपले दुःख सांगितले आणि भगवंतांनी ते ऐकून घेतले. मग तिला भिक्षुणीसंघात स्थान मिळाले. पुढे पाय धुताना सांडलेल्या पाण्याचे ओघळ कोणता जवळ, कोणता दूर जिरतो हे पाहता पाहता तिला अनित्यतेचे दर्शन घडले. पाहायला गेले तर हाही लघु अभ्यासच, नित्याच्या कामातला. परंतु त्याआधी वस्त्र होते, ऐकणारा होता, संघ होता.

आजची पद्धत कथेतील तो एक शब्द उचलते आणि वस्त्र मागे ठेवते. रुग्णाच्या हाती कागद दिला जातो, ध्वनिमुद्रण दिले जाते. पुढचे त्याने एकट्याने करावे. नाही जमले तर दोष त्याच्याच माथी. कर्जाने, बेकारीने वा जातीच्या अपमानाने मोडलेल्याला केवळ श्वास पाहण्यास सांगणे म्हणजे दुःखाचे कारण त्याच्या नाकाशी आणून ठेवणे होय. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात माणसामाणसांतील संबंध धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले, ते येथे विसरता येत नाही. महावग्गात गग्ग नावाच्या उन्मत्त भिक्खूचे प्रकरण आहे. त्याला कधी उपोसथ आठवे, कधी आठवत नसे. संघाने त्याला दंड केला नाही. त्याला आठवो वा न आठवो, उपोसथ विधिवत होईल, असा रीतसर ठराव केला. विसरणाऱ्याचे ओझे संघाने उचलले.

बोदवडपुरते बोलायचे तर राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. जळगावला जायचे तर एक मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची दुसरी. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची दूरध्वनी सेवा आहे. विहाराच्या फलकावर तो क्रमांक लिहिण्यास खर्च येत नाही. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे, डोळे उघडे ठेवून, कोणी बोलत राहील असा अभ्यास घेता येईल. अस्वस्थ वाटल्यास उठून जाण्याची मोकळीक असावी. गोळ्या संपत आल्या का, पुढील तारीख कोणती, सोबत कोण जाणार, हे त्याच बैठकीत विचारले जावे.