सतारीचे दृश्यपाठ : एका अध्यापनपद्धतीची चिकित्सा

भारतीय संगीताची विद्या गुरुमुखातूनच घ्यावी, हा संकेत सर्वपरिचित आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत नव्या साधनांपुढे या संकेताला वारंवार मुरड घालावी लागली, हेही तितकेच खरे. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताचे शिक्षण वर्गात आणले. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा स्वरलिपीबद्ध करून छापल्या. १९०२ पासून भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि कलावंताचा नाद त्याच्या अनुपस्थितीतही ऐकू येऊ लागला. आंतरजालावरील चित्रफितींतून दिले जाणारे वाद्यशिक्षण हा याच मालिकेतील अलीकडचा टप्पा होय. या पाठांना येथे 'दृश्यपाठ' असे म्हटले असून त्यांचा विचार सतारीपुरता केला आहे. कारण या पद्धतीचे गुण आणि मर्यादा ही दोन्ही सतारीवर विशेष स्पष्ट होतात.

प्रथम गुणांचा विचार करावा. सतारीची बैठक, भोपळ्यावर टेकलेला उजवा हात, तर्जनीतील नखी, आतल्या आघाताचा 'दा' आणि बाहेरच्या आघाताचा 'रा' या गोष्टी शब्दांनी सांगणे कठीण, दाखविणे सोपे. विलंबित त्रितालात बाराव्या मात्रेपासून उठणाऱ्या मसीतखानी गतीचे बोल, 'दिर दा दिर दा रा दा दा रा', विद्यार्थी हव्या त्या संथ गतीने शंभर वेळा पाहू शकतो. इतकी पुनरावृत्ती सहसा कोणताही गुरू करीत नाही. ज्या गावी सतारीचा शिक्षक नाही, तेथील विद्यार्थ्यापुढे पर्याय गुरुगृहाचा नसतो. शिकण्याचा किंवा न शिकण्याचा असतो. म्हणून दृश्यपाठाची तुलना आदर्श गुरूशी करून त्याला नापास ठरविणे न्याय्य नव्हे. गुरुपरंपरेनेही पुष्कळांना दाराबाहेर ठेवले होते; विद्या कोणाला द्यावयाची हे अनेकदा घराणे आणि जन्म पाहून ठरत असे, ही गोष्ट परंपरेचा गौरव करताना विसरता येत नाही.

दृश्यपाठाचा खरा दोष अन्यत्र आहे. सतारीचे मर्म पडद्यांवरून बोटे फिरविण्यात नसून मींडेत आहे. एकाच पडद्यावर तार आडवी खेचून वादक चार-पाच स्वरांपर्यंत पोचतो. ही खेच चित्रफितीत दिसते. तिचे माप मात्र दिसत नाही. तारेची जाडी, तिचा ताण, पडद्याचे स्थान यांनुसार तेवढ्याच अंतराच्या खेचीतून निराळा स्वर निघतो. तेव्हा गुरूचे बोट किती सरकले हे पाहून आपले बोट तितकेच सरकविणारा विद्यार्थी बेसूर होण्याचाच संभव अधिक. खेचीचे प्रमाण केवळ कान ठरवू शकतो. विलायत खाँ (१९२८–२००४) यांनी सतारीत गायकी अंगाला जे स्थान दिले, त्यातून हेच सूचित होते की मींड आधी गळ्यात आणि कानात असावी लागते, मग ती बोटात येते.

येथे पूर्वीच्या साधनांशी तुलना उद्बोधक ठरते. स्वरलिपी मुकी असते. तिचा वाचक जाणून असतो की नादासाठी कोणाकडे तरी गेलेच पाहिजे. ध्वनिमुद्रिका आंधळी असते. तीवरून शिकणाऱ्याला 'हा स्वर कसा काढला असेल?' या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या कानाने आणि बोटांनी शोधावे लागते, आणि त्या शोधातच त्याचा कान तयार होतो. दोन्ही साधने आपले अपुरेपण उघड सांगतात. दृश्यपाठात नादही असतो आणि रूपही. म्हणून तो पूर्ण भासतो. उत्तर डोळ्यांना आयते मिळाल्यामुळे कानाचे श्रम टळतात, आणि जे श्रम टळतात तेच खरे शिक्षण होते.

या संदर्भात एकलव्याचा दाखला वारंवार दिला जातो. पण तो नीट तपासून पाहावा. एकलव्याचा बाण चुकला तर लक्ष्यच त्याला ते सांगत असे. सतार शिकणाऱ्याची मींड एखाद्या श्रुतीने उतरली, तर ते सांगणारे लक्ष्य बाहेर कोठेच नसते. चुकीचा हात दोन वर्षे घोटला की तोच बरोबर वाटू लागतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर सर्वत्र पसरलेल्या प्रत्यक्ष दूरशिक्षणाने हा दोष काही अंशी भरून निघतो, कारण तेथे गुरू ऐकतो. तथापि ध्वनी पोचण्यास लागणारा विलंब तालाला मारक ठरतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत पाव सेकंदाचा उशीर म्हणजे पूर्ण एक मात्रा. अशा स्थितीत गुरूने ठेका धरावा आणि शिष्याने वाजवावे, हे अशक्यप्राय होते. शिवाय गोंगाट गाळण्याची जी योजना संभाषणाच्या सोयीसाठी केलेली असते, ती तंबोऱ्याच्या अखंड नादालाच गोंगाट समजून पुसून टाकू लागते. मिरजेच्या कारागिराने घोडीवर साधलेली जवारी उतरली आहे की नाही, हे दूरध्वनीच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून पारखणे तर दुरापास्तच.

मग दृश्यपाठाचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर करावे? पाठ देणारा वादक किती थोर, किंवा चित्रण किती सुबक, या कसोट्या गौण होत. वाजविण्यापूर्वी तो स्वरसमूह विद्यार्थ्याकडून गाऊन घेण्यासाठी पाठ थांबतो काय? बरोबर मींडेशेजारी चुकलेली मींड ऐकवून तो कानाला भेद शिकवितो काय? काही भाग केवळ नादरूपाने देऊन डोळ्यांना विश्रांती देतो काय? आणि अमुक टप्प्यावर जाणत्या कानासमोर वाजवून दाखविलेच पाहिजे, हे तो स्पष्टपणे सांगतो काय? बहुसंख्य पाठ दाखविण्यावरच संपतात. जे या प्रश्नांना सामोरे जातात ते संख्येने थोडे, परंतु अनुकरणीय होत. आपले अपुरेपण मान्य करणारा दृश्यपाठ विद्यार्थ्याला गुरूच्या दारापर्यंत निश्चित नेऊ शकतो. जो ते लपवितो, तो त्याला दार आहे हेच विसरावयास लावतो.