ईहाम आणि 'इन्युएन्डो'

हेंद्रेपाड्यात घरे भिंतीला भिंत लावून आहेत, गाणी मोठ्याने लावायची सोय नाही. म्हणून 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा 'इन्युएन्डो' हा अल्बम आम्ही पहिल्यांदा ऐकला तो बदलापूरच्या लोकलमध्ये, उभ्या उभ्या, कानात इअरफोन घालून. अंबरनाथ जवळ आले तेव्हा कुठे पहिले गाणे संपले. साडेसहा मिनिटांचे गाणे, आणि मध्येच स्टीव्ह हाऊ या पाहुण्याची स्पॅनिश गिटार!

रॉक हा आमचा प्रांत नव्हे, आम्ही उर्दू शिकवतो. आम्हाला धरून ठेवले ते अल्बमच्या नावाने. वर्गात आम्ही 'ईहाम' समजावून सांगतो : शब्दाला दोन अर्थ, एक जवळचा, एक दूरचा, ऐकणारा जवळचा घेतो, शायराच्या मनात दूरचा असतो. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह मुबारक आबरूने हा खेळ गाजवला. 'इन्युएन्डो' म्हणजे तसाच आडून केलेला इशारा.

अल्बम फेब्रुवारी १९९१ मध्ये आला. गायक फ्रेडी मर्क्युरी त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला एड्सने गेला. हा मूळचा फारोख बलसारा, झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे 'फ्रेडी' झाला आणि 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवू लागला. पुढे तो मुकुट घालून रंगमंचावर यायचा आणि परगावाहून घरच्या मांजरांशी फोनवर बोलायचा म्हणे. अशा विक्षिप्त माणसाला १९८७ मध्ये आजार कळला. वृत्तपत्रे मागे लागली, तरी त्याने ओठ मिटून ठेवले. जाहीर निवेदन निघाले ते मरणाच्या आदल्या दिवशी.

आता 'आय ॲम गोइंग स्लाइटली मॅड' ऐकावे. जवळचा अर्थ विनोदाचा. चित्रफितीत पेंग्विन आहे, गोरिलाचा वेश घातलेला माणूस आहे. पण फ्रेडीच्या चेहऱ्यावर रंगाचा जाड थर आहे आणि त्याखाली खंगलेला माणूस आहे. दूरचा अर्थ तिथे आहे. 'डिलायला' हे गाणे तर एका मांजरीवर! पुष्कळांना ते पोरकट वाटते. आम्हाला नाही वाटत. जगाला सांगता येत नाही ते माणूस मुक्या जनावरापाशी बोलतो.

मात्र सगळाच अल्बम या तोलाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. 'द हिटमॅन' कोणत्याही बँडने वाजवावे असे आहे, 'आय कान्ट लिव्ह विथ यू' चालून जाते एवढेच. बारा गाण्यांतली तीन-चार गाळली असती तर बरे झाले असते. गायक मरणाच्या दारात होता म्हणून प्रत्येक गाण्याला सलाम करणे ही समीक्षा नव्हे.

एक तक्रार आमचीही होती. एवढ्या मोठ्या माणसाने आधीच सांगितले असते, तर या आजाराची लाज थोडी कमी झाली नसती का? हे लिहायला बसलो आणि आमच्याच मोहल्ल्यातला एक जनाजा आठवला. सगळे टायफॉइड म्हणत होते. पुढे त्या घरातली बाई मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आली. 'वडिलांच्या मृत्यूचे कारण' या रकान्यावर तिने बोट ठेवले आणि म्हणाली, "सर, ये खाली रहने दो." आम्ही तो कोरा ठेवला. त्यानंतर फ्रेडीला जाब विचारायचा आमचा हक्क किती उरतो, हे आम्हालाच ठरवता येईना.

शेवटचे गाणे 'द शो मस्ट गो ऑन'. ते मुख्यतः ब्रायन मे या गिटारवाल्याने रचले. एवढा उंच सूर आजारी गड्याला झेपेल का, अशी त्याला शंका होती. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गायला. लोक हा किस्सा त्याच्या हिंमतीसाठी सांगतात. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. मर्सिया लिहिणारा एक आणि पढणारा दुसरा, हे आम्ही मुहर्रममध्ये दरवर्षी पाहतो; पण ज्याच्यावर लिहिला त्यानेच उभे राहून पढावा, असे कुठे ऐकले नव्हते. हे गाणे ऑक्टोबर १९९१ मध्ये वेगळे बाजारात आले, तेव्हा त्याच्या हाती सहा आठवडे उरले होते.