तारणारा की वाट दाखविणारा?

पदवीच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. नगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधला, चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातला. म्हणाला, “सर, आमचे पाळक सांगतात, येशूवाचून तारण नाही. तुम्ही सांगता, बाबासाहेबांच्या मते बुद्ध तारणारा नव्हे, वाट दाखविणारा. मग माझ्या पणजोबांना मांगवाड्यातून बाहेर कोणी काढलं?”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. धर्मशास्त्राच्या पंडितांनी या प्रश्नावर शेकडो ग्रंथ लिहिले आहेत, परंतु ते मांगवाड्यात उभे राहून लिहिलेले नाहीत. आपल्या चळवळीतही हा प्रश्न ‘त्यांचा धर्म त्यांच्यापाशी’ असे म्हणून बाजूला सारला जातो. तसे करणे बरोबर नाही. ज्यांचे पूर्वज आपल्याच वस्तीतून उठून गेले, त्यांचा प्रश्न आपलाही आहे.

१

प्रथम दावा काय आहे तो पाहू. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणवितो आणि आपल्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी पोहोचत नाही असे सांगतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र म्हणतो की, तारण दुसऱ्या कोणाकडून नाही, आकाशाखाली दुसरे नाव दिलेले नाही. एकमेव तारणाऱ्याच्या सिद्धांताची उभारणी मुख्यतः या दोन ठिकाणांवर झाली आहे.

पेत्राचे वाक्य नेहमी सुटे काढून सांगितले जाते. ते कोठे आणि कोणासमोर उच्चारले गेले हे पाहिले पाहिजे. मंदिराच्या दारात जन्मापासून पांगळा असलेला एक भिकारी रोज आणून बसविला जाई. पेत्र आणि योहान त्याला हात धरून उठवितात, तो चालू लागतो. या कृत्याबद्दल दोघांना अटक होते. दुसऱ्या दिवशी महायाजक, वडील आणि शास्त्री यांच्या सभेपुढे त्यांना उभे केले जाते. हे दोघे कोळी; शास्त्र न शिकलेले, सामान्य माणसे, अशी नोंद त्या सभेच्या नजरेतूनच केलेली आहे. कोणत्या अधिकाराने हे केलेस, असे विचारल्यावर पेत्र ते वाक्य उच्चारतो. मूळ ग्रीक भाषेत पांगळा ‘बरा झाला’ यासाठी जे क्रियापद आहे, तेच पुढे ‘तारण होणे’ यासाठी आहे. म्हणजे तेथे तारण ही मरणानंतरची गोष्ट नाही. पांगळा उठून चालू लागला, ही तारणाची पहिली खूण आहे. आणि ‘दुसरे नाव नाही’ याचा रोख पुरोहितांच्या सभेकडे आहे: या माणसाला उभे करण्याचा अधिकार तुमच्याकडे नव्हता.

पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने चर्चबाहेर तारण नाही असा विचार मांडला. रोमन साम्राज्याने हा धर्म स्वीकारल्यानंतर दाव्याला सत्तेचे बळ आले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेच्या हुकूमनाम्याने चर्चबाहेरचे सारे, मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी, फुटीर, अनंत अग्नीत जाणार असे जाहीर केले. वाक्याचा अर्थ तोच राहिला असे कोणी म्हणेल. परंतु अटकेत असलेला कोळी याजकांना जे सांगतो आणि सिंहासनावरचा पोप जगाला जे सांगतो, ते एकच वाक्य नव्हे. पहिल्यात मुक्तीची घोषणा आहे, दुसऱ्यात शिक्षेचा निवाडा आहे.

विसाव्या शतकात हा निवाडा सौम्य करण्यात आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मान्य केले की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त माहीत झाला नाही, पण जे सदसद्विवेकाला अनुसरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. २००० साली रोमने ‘दोमिनुस येसुस’ या घोषणापत्राद्वारे ख्रिस्ताचे एकमेवत्व पुन्हा ठासून सांगितले. मधल्या काळात कार्ल राहनर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने तोड काढली: असे सज्जन लोक हे ‘अनामिक ख्रिस्ती’ होत.

राहनरच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु आपल्याला ही युक्ती परिचित वाटली पाहिजे. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करून त्याचे वेगळेपण गिळून टाकण्याचा उद्योग या देशात झालाच आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत तो स्पष्ट शब्दांत नाकारला गेला. ‘हरिजन’ हे नावही आम्हांला प्रेमानेच दिले गेले होते. न विचारता दिलेल्या नावातले प्रेम आम्हांला चांगले ओळखता येते.

२

आता मराठी मुलखाकडे वळू. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला पोहोचले. पुढच्या काळात नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भरणा महार-मांगांचा होता. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हणून आपण जे शिकवितो, ते त्यांचे नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि ‘अरुणोदय’, पंडिता रमाबाईंचे लेखन, रेव्हरंड टिळकांची कविता, ‘स्मृतिचित्रे’: ही सगळी वरच्या किंवा सुस्थित जातींतून आलेल्या माणसांची निर्मिती आहे. त्यांत तारणाचा प्रश्न एका व्यक्तीच्या अंतःकरणात पेटतो. सत्य कोणते, पापाची क्षमा कोठे, हे शोधताना माणूस घरदार गमावतो. त्या गमावण्याची किंमत मोठीच आहे. पण गमावण्याजोगे घरदार ज्यांच्यापाशी होते, त्यांची ती कहाणी आहे.

या वाङ्मयातही एकमेव तारणाऱ्याचा सिद्धांत जसाच्या तसा गिळला गेलेला नाही, हे मात्र नोंदले पाहिजे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच आपल्या गुरुस्थानी असलेल्या मिशनरी भगिनींशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद मांडला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली मी दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. पुढे त्या ख्रिस्तावरील अनन्य श्रद्धेपर्यंत पोहोचल्या, पण आपल्या पायांनी पोहोचल्या. टिळकांना ख्रिस्ताकडे जाणारी वाट तुकोबांवरून गेलेली दिसली. आणि लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनात आधी गळून पडते ते सोवळेओवळे. जातिभेद देवाने केलेला नाही हे आधी पटते, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली येतो. ‘स्मृतिचित्रे’ हे धर्मांतराचे पुस्तक म्हणून वाचले जाते. माझ्या मते ते जातीचा विटाळ मनातून धुऊन काढण्याचे पुस्तक म्हणून आधी वाचले पाहिजे.

या सगळ्यांहून वेगळा उभा राहतो तो जोतीराव फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस ख्रिस्ती झाला नाही, पण येशूला त्याने दूरही लोटले नाही. ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीराव येशूला बळीराजाच्या परंपरेत आणून बसवितात. दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहून छळला गेलेला तो बळी. त्यांना येशूची योग्यता मान्य आहे, मक्तेदारी मान्य नाही. म्हणूनच मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात ते असे एक कुटुंब कल्पितात की, ज्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी आहे, आणि कोणी कोणाचा हेवा न करता एका घरात नांदतात. फ्लॉरेन्सचा हुकूमनामा या घरातल्या तिघांना अग्नीत ढकलतो. जोतीराव चौघांनाही एका छपराखाली ठेवतात. एकमेव तारणाच्या सिद्धांताला मराठीत दिलेले याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

३

बाबासाहेबांची टीका दोन पातळ्यांवरची आहे. पैकी एकच आपण नेहमी सांगतो.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते म्हणतात की, ख्रिस्ताने स्वतःला देवाचा पुत्र मानण्यावर माणसाचे तारण अवलंबून ठेवले आणि आपल्या धर्मात स्वतःसाठी स्थान राखले. बुद्धाने असे स्थान राखले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. राजगृहाची वाट विचारणाऱ्याला वाट सांगता येते. सांगितलेल्या वाटेने एक जण पोहोचतो, दुसरा भलतीकडे जातो. त्याला सांगणारा काय करणार? हे मोग्गलान ब्राह्मणाला दिलेले उत्तर बाबासाहेब तेथे मुद्दाम आणतात. येथे चालण्याची जबाबदारी चालणाऱ्यावर आहे.

दुसरी टीका धर्मांतरितांच्या स्थितीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी निबंधात आहे, आणि ती अधिक झोंबणारी आहे. अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगितले जाते की, त्याची अधोगती पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर तो शिकतो की, ती आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हींकडे त्याचे लक्ष त्याला चिरडणाऱ्या समाजरचनेवरून काढून घेतले जाते. रोग बाहेर आहे आणि औषध आत शोधायला सांगितले आहे, असा हा प्रकार. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतल्याचे सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये चालणाऱ्या जातिभेदाचाही उल्लेख केला. आदर आणि हिशेब त्यांनी वेगळे ठेवले नाहीत.

हा हिशेब आजही पुरा झालेला नाही. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना वेगळी करणारी भिंत उभारलेली होती, हे जगजाहीर आहे. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांनी दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे स्वतःच कबूल केले. एकच तारणारा, एकच बाप्तिस्मा, एकच प्रभुभोजन. आणि मातीत मात्र दोन बाजू! दुसरीकडे राज्यसंस्था. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती केली; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तिच्यात आले; ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रस्त्याच्या कडेला चपला दुरुस्त करणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या एका आदिद्रविड माणसाला सरकारी योजनेतली टपरी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली हरला. चर्चच्या लेखी तो तारला गेला होता. त्याच्या हातातली आरी मात्र तीच होती.

ख्रिस्ती दलितांनी हे ओळखले नाही असे नाही. १९८१ साली बंगळुरात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली आणि पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले. त्यांचा देव सेवकाचे काम करणारा आहे, त्यांचा ख्रिस्त स्वतःच दलित आहे. ही मांडणी पेत्राच्या वाक्याला सिंहासनावरून उतरवून पुन्हा त्या पांगळ्याच्या शेजारी नेते. आपण तिचे स्वागत केले पाहिजे. तरी एक प्रश्न उरतो. दलित ख्रिस्तही जर एकटाच तारणारा असेल, तर दलिताने स्वतः काय करावयाचे?

४

येथे कोणी आम्हांला उलट विचारील: तुमच्या बावीस प्रतिज्ञांतही नकारच नाहीत काय? ब्रह्मा-विष्णू-महेशाला मानणार नाही, गौरी-गणपतीला पूजणार नाही. मग एकमेवत्वाचा दोष फक्त येशूच्या अनुयायांना का?

आक्षेप वाजवी आहे. माणसाला गुलामीतून निघताना जुन्या देवांचे देणे नाकारावेच लागते. ‘एकच प्रभू’ हे वाक्य पहिल्या पिढीच्या महार-मांग ख्रिस्त्यांच्या हातीही असेच आले असेल: एकाचेच देणे लागतो, म्हणजे म्हसोबाचे लागत नाही, भटाचे लागत नाही, पाटलाच्या जत्रेचे लागत नाही. तेथे एकमेवत्वाने दावे तोडले. परंतु प्रतिज्ञा घेणारा स्वतःला बांधून घेतो; मी काय करणार नाही एवढेच तो सांगतो. न घेणाऱ्याचे मरणोत्तर काय होईल याचा निकाल तो देत नाही. फरक येथे आहे.

मात्र या फरकाचा अभिमान बाळगण्यापूर्वी आपल्या वस्तीत एक फेरी मारावी. ‘बाबासाहेबांनी तारले’ हे शब्द आपल्या गाण्यांत आहेत, भाषणांत आहेत, माझ्या आईच्या तोंडी आहेत. आईच्या तोंडी ती कृतज्ञता आहे. तिने मला शाळेत घातले, वाट स्वतः चालली. पण जयंतीच्या मंचावरून तेच शब्द येतात तेव्हा पुष्कळदा त्यांचा अर्थ असा असतो की, आता आपण काही करावयाचे उरले नाही. ज्याने मोक्षदाता नाकारला त्यालाच मोक्षदाता करून आपण घरी जातो. येशूच्या अनुयायांनी येशूचे जे केले ते आपण साठ-सत्तर वर्षांत उरकले, असे म्हणण्याची पाळी येऊ नये.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर बोलावून घेतले. म्हणालो, “तुझ्या पणजोबांना येशूच्या नावाने धीर दिला, हे मी नाकारणार नाही. मिशनच्या शाळेने अक्षर दिले, तेही नाकारणार नाही. पण गाव सोडण्याचा दिवस त्यांनी ठरवला आणि चालत तेच गेले. पेत्रानं पांगळ्याला हात दिला. पाय त्याचेच होते.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, हे आमच्या पाळकांना सांगितलं तर चालेल?”

“सांग,” मी म्हणालो. “आणि ते काय म्हणतात ते मला येऊन सांग.”