डोळ्याच्या जागी

ईशान्य मेक्सिकोतल्या सिएरा दे एल आब्रा या चुनखडीच्या डोंगररांगेत पोटाशी पाणी धरून असलेल्या अंधाऱ्या गुहा आहेत. तिथला बोटभर, फिकट गुलाबी, बिनडोळ्यांचा मासा १९३६ साली सापडला तेव्हा त्याला थेट वेगळ्या प्रजातीचं नाव मिळालं होतं. पुढे कळलं की हा बाहेरच्या नदीतल्या चंदेरी, टपोऱ्या डोळ्यांच्या अस्टियानॅक्स मेक्सिकॅनसचाच भाऊबंद. दोघांची पिल्लंसुद्धा होतात. मूळ चीज आणि तिची नवी मांडणी अशी लागोपाठ ऐकायला मिळणं हे रसिकाचं भाग्यच.

डोळ्यापासून सुरुवात करू. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा रीतसर धरतो. मग भिंगातल्या पेशी मरू लागतात, वाढ खुंटते आणि सगळा ऐवज कातडीखाली खचतो. २००० साली योशियुकी यामामोतो आणि विल्यम जेफरी यांनी नदीच्या माशाचं भिंग गुहेतल्या गर्भात बसवून पाहिलं, तर तिथे चांगला मोठा डोळा वाढला! डोळा खुंटवण्यात ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाच्या वाढलेल्या अंमलाचा हात आहे, आणि त्याच अंमलामुळे जबडा रुंदावतो, तोंडातल्या स्वादकलिका वाढतात. गुहेतल्या प्राण्यांचं आंधळेपण डार्विनने निव्वळ न वापरण्याच्या खात्यावर टाकलं होतं. त्याच्या नजरेतून निसटलेली ही कमाई मला फार रंजक वाटते.

पण खरी दाद द्यावी अशी जागा वागण्यात आहे. अंधारात पाण्यात काचेची दांडी धरायची आणि सेकंदाला पस्तीसेक वेळा थरथरवायची. नदीतला मासा सहसा तिच्या वाटेला जात नाही. त्याचं बरोबरच आहे, थरथर करणारं काहीतरी त्यालाच गिळायचं. गुहेत तसा शिकारी मासा नाही. तिथला मासा दांडीकडे वळतो, तिच्याभोवती घिरट्या घालतो, पुन्हा पुन्हा येऊन धडकतो. मासातो योशिझावा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही ओढ कातडीवरच्या कंप टिपणाऱ्या बारीक संवेदी गाठींमुळे आहे. गुहेतल्या माशात त्या मोठ्या आणि संख्येनेही जास्त असतात. त्यातही महत्त्वाच्या गाठी कुठे, तर डोळ्याच्या रिकाम्या खोबणीवर. अशा जागेला मान आपोआप डोलते.

खाण्याची ढबही बदलली आहे. तळाचं अन्न टिपताना नदीचा मासा अंधारात डोक्यावर उभा राहिल्यासारखा होतो. गुहेतला तिरका होऊन पोहता पोहता वेचतो. झोप तर त्याने जवळजवळ सोडलीच आहे. नदीचा मासा दिवसाकाठी तेरा तासांच्या वर झोपतो, हा दोन ते चार तास. वटवाघळांची विष्ठा आणि पुराबरोबर येईल तो पालापाचोळा यावर गुजराण करायची, तर फिरतीवरच राहावं लागणार.

एक गोष्ट मात्र मांडणीत बसत नाही. या आंधळ्या माशांच्या कोवळ्या पिल्लांवर सावली पडली की ती अजूनही वर झेपावतात, कारण डोक्यातल्या पिनियल ग्रंथीला उजेड कळतो. कायमच्या काळोखात सावली कुठून पडणार? मला हा विसंवादी सूरही हवासा वाटतो.

आणि सगळ्या गुहांची बंदिश एकच आहे असंही नाही. २००८ साली रिचर्ड बोरोव्स्की यांनी वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तेव्हा त्यांच्या काही पिल्लांना दिसू लागलं. डोळे घालवताना प्रत्येक गुहेत बिघडलेली जनुकं काही अंशी वेगळी होती, त्यामुळे आईकडचा बिघाड बापाने भरून काढला आणि बापाकडचा आईने.