निगेटिव्हची साक्ष

डार्करूममध्ये सिद्ध झालेले छायाचित्र प्रामाणिक आणि संगणकावर संस्कार केलेले लबाड, असे एक सोपे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी ॲन्सेल ॲडम्स आणि यूजीन स्मिथ या दोन अमेरिकन छायाचित्रकारांच्या कामाकडे वळणे इष्ट ठरेल.

ॲडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे चित्र १९४१ सालचे. लहानसे चर्च, दफनभूमीत उतरत्या उन्हाने उजळलेले क्रूस, वर चंद्र आणि काळेभोर आकाश. हे काळेपण मात्र त्या सायंकाळचे नव्हे. आरंभीच्या प्रतींत आकाश फिकट असून त्यात ढगांच्या पुसट रेषा दिसतात. १९४८ साली ॲडम्स यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने अधिक दाट केला. पुढे एन्लार्जरखाली कागदाच्या वरच्या भागाला जास्त प्रकाश देऊन ते आकाश गडद करीत गेले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि प्रत म्हणजे तिचे वादन, अशी पियानो शिकलेल्या या कलावंताची धारणा होती.

१९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमधील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे याच डार्करूममधली. संगणकाने नवे पाप शोधले नाही. जुनी हातोटी सर्वांच्या हाती दिली, इतकेच.

छायाप्रकाशाचे हे वादन मान्य केले, तरी वस्तू गाळणे वा घालणे याचे काय? ‘विंटर सनराइज’ या १९४४ च्या चित्रात, लोन पाइन गावच्या शाळकरी मुलांनी डोंगरउतारावर रचलेली ‘एल पी’ ही अक्षरे ॲडम्स यांनी पुसून टाकली; परंतु १९८३ च्या आपल्या ‘एग्झाम्पल्स’ या ग्रंथात त्यांनी तसे स्वतःच सांगितले. स्मिथ यांनी १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी लांबारेने येथील डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावर चित्रमालिका केली. तिच्यातील एका गाजलेल्या चित्राच्या कोपऱ्यात दिसणारा हात व करवतीची मूठ दुसऱ्या निगेटिव्हमधून आणलेली आहे. चित्र देखणे आहे. मात्र ते वृत्तांत म्हणून वाचकांपुढे ठेवले गेले होते. निसर्गचित्रकार आपली दृष्टी देऊ करतो, वार्ताचित्रकार साक्ष देतो. साक्षीत घातलेली भर, ती कितीही सुंदर असो, विश्वासाला तडा देते.

मग डार्करूमचे श्रेष्ठत्व कशात? तिच्या प्रामाणिकपणात नव्हे, तर तिच्या संथपणात आणि मागे उरणाऱ्या पुराव्यात. तेथे प्रत्येक बदलाला वेळ आणि श्रम द्यावे लागत; त्यामुळे बदल करण्यापूर्वी विचार करावा लागे. शिवाय निगेटिव्ह जपलेली असली की प्रत तिच्याशी ताडून पाहता येते. संगणकावर मूळ फाइलवरच नवी फाइल साठवली, की तुलनेला काही उरत नाही. मूळ जपणे आणि केलेला बदल वाचकाला सांगणे, ही दोन पथ्ये पाळली तर संगणकही तितकाच विश्वासार्ह ठरेल. ती टाळली, तर डार्करूमचा काळोख कोणालाही निर्दोष ठरवू शकणार नाही.