उन्हाळ्याचा अंदाज : ‘सामान्य’ कोणाचे?

दरवर्षी मार्च संपता संपता भारतीय हवामान विभाग एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज प्रसिद्ध करतो. पावसाच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाला आपल्याकडे १८८६ पासूनची परंपरा आहे. उन्हाळ्याचा अंदाज मात्र नवा, २०१६ पासूनचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘यंदा उन्हाळा कडक’ असा मथळा येतो आणि मूळ निवेदन सहसा कोणी वाचत नाही. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या निवेदनाचे करावे, असे आम्हाला वाटते. शाळेची वेळ, परीक्षांच्या तारखा, खेळाचा तास या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. वाचताना दोन ठिकाणे नजरेसमोर ठेवू : कोकणची किनारपट्टी आणि बुलडाणा जिल्ह्यातले, पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर.

शक्यता म्हणजे निकाल नव्हे

अंदाजाचा मुख्य भाग म्हणजे एक रंगीत नकाशा. त्यामागची रीत अशी : मागील अनेक वर्षांचे उन्हाळे तापमानाच्या क्रमाने मांडायचे आणि त्यांचे तीन समान गट करायचे : सामान्यापेक्षा कमी, सामान्य आणि सामान्यापेक्षा जास्त. काहीच माहिती नसेल, तर येणारा उन्हाळा यांपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता ३३ टक्के. वातावरण आणि समुद्र यांचे गणित संगणकावर मांडून हवामान विभाग ही शक्यता सुधारतो आणि रंगाने दाखवतो.

समजा, विदर्भावर ‘जास्त’ या गटाची शक्यता ५५ टक्के आहे. पिशवीत २० गोट्या आहेत, त्यांतल्या ११ लाल, असाच याचा अर्थ. डोळे मिटून काढलेली गोटी पांढरी निघाली म्हणून ‘११ लाल आहेत’ हे विधान खोटे ठरत नाही. एका वर्षी मे सुसह्य गेला म्हणून अंदाजाची टिंगल करणाऱ्यांनी आणि मथळा वाचून घाबरणाऱ्यांनी सारखीच चूक केलेली असते.

इथवर दोष वाचकाचा. पण निवेदनाचाही एक दोष आहे. शक्यता किती ते ते सांगते. तापमान किती अंशांनी जास्त असेल, ते हा नकाशा सांगत नाही. गट ‘जास्त’ असला तरी वाढ अर्ध्या अंशाची असू शकते. शिवाय तीन महिन्यांच्या सरासरीत आठ भयंकर दिवस सहज लपून जातात, आणि माणसे आजारी पडतात ती त्या आठ दिवसांत.

लाटेची व्याख्या

निवेदनाचा दुसरा भाग उष्णतेच्या लाटेच्या दिवसांविषयी असतो. लाट कशाला म्हणायचे याचे नियम ठरलेले आहेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस, डोंगराळ भागात ३० आणि किनारपट्टीवर ३७ अंश हवे, आणि ते तिथल्या सामान्य तापमानापेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवे. सपाट प्रदेशात पारा ४५ ला पोचला, तर फरक न पाहताही लाट धरतात. हवामानाच्या एका उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडले, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता हा नियम मलकापूरला लावून पाहू. शेजारच्या अकोल्याचे मे महिन्यातले सामान्य कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते, आणि मलकापूर त्याच खोऱ्यात आहे. म्हणजे पारा ४४ वर असला तरी फरक जेमतेम दोन अंशांचा. नियमाप्रमाणे ही लाट नव्हे. हा मलकापुरातला साधा मे महिना. पण पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाच्या शरीराला ‘सामान्य’ या शब्दाने काही दिलासा मिळत नाही.

किनाऱ्यावर अडचण उलटी आहे. रत्नागिरीला मे महिन्यातली सामान्य दुपार ३३ अंशांच्या आसपास. पारा ३५ वर गेला तरी लाट नाही, कारण हवेतले बाष्प नियमात धरलेलेच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर पुरस्कार समारंभासाठी लोक भर दुपारी तासन्‌तास उन्हात बसले होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने चौदा जण दगावले. लाट ठरायला दोन दिवस लागतात. तिथे एक दुपार पुरली.

ओल्या फडक्याची साक्ष

मलकापुरात माठातले पाणी गार होते आणि पाण्याचा कूलर खोली थंड करतो. रत्नागिरीत तोच कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. कारण एकच : गारवा बाष्पीभवनातून येतो आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. आपला घाम हाही एक माठच आहे.

तापमापीच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून वारा घातला, की बाष्पीभवनाने पारा कुठवर उतरू शकतो ते कळते. मलकापुरात ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा ओला आकडा २३ च्या आसपास येतो. कोकणात ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तो २८ च्या पुढे जातो. साध्या तापमापीवर आठ अंशांनी ‘थंड’ असलेले कोकण ओल्या तापमापीवर पाच अंशांहून अधिक ‘गरम’ निघते!

ओला आकडा ३५ झाला, तर धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असे शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडले. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३१ च्या आसपास आढळली आणि कोरड्या, तापलेल्या हवेत त्याहूनही खाली. म्हणून कोरड्या मुलखाने निर्धास्त राहावे असे नाही. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की वारासुद्धा शरीर तापवतो आणि घाम वाळून जात असल्याने किती पाणी गेले ते कळत नाही.

हवामान विभागाला याची जाणीव आहे. किनारपट्टीसाठी ‘उष्ण व दमट हवा’ असा वेगळा इशारा दिला जातो, आणि २०२३ पासून बाष्पही हिशेबात घेणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध होऊ लागला. या कामाचे मोल आहे. मात्र तीन महिन्यांच्या निवेदनात भर तापमानावरच असतो, हा आमचा आक्षेप आहे.

नकाशावरच्या रेषा

आणखी एक प्रश्न प्रदेशाचा. बुलडाणा शहर घाटावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर. मलकापूर घाटाखाली, अडीचशे मीटरच्या आसपास. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी शंभर मीटर उतरले की तापमान साधारण एक अंशाने वाढते. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूरला येईपर्यंत तीन-चार अंशांचा फरक पडायला हरकत नाही. ‘बुलडाण्याचे तापमान’ घाटाखालच्या शाळेच्या कामाचे नाही.

उलट मलकापूर आणि जळगाव जिल्ह्यातले मुक्ताईनगर यांच्या उन्हात विशेष फरक नाही. पण मलकापूर विदर्भात मोडते, म्हणून तिथल्या शाळा जूनच्या मध्यानंतर काही दिवस उशिरा उघडतात. मुक्ताईनगरच्या जूनच्या मध्यालाच. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत चालल्या. त्यात कोकण, घाटमाथा आणि पूर्णेचे खोरे असा भेद नव्हता.

स्थानिक विचार अशक्य नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा स्वतःचा आराखडा केला आणि इशाऱ्याच्या पातळ्या शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी पाहून ठरवल्या.

आमची मागणी म्हणून मोजकी आहे. उन्हाळ्याच्या निवेदनात ‘सामान्यापेक्षा जास्त’ याबरोबर किती अंशांनी ते यावे. किनारपट्टीसाठी बाष्पाचा अंदाज जोडावा. आणि शाळांचे वेळापत्रक ठरवताना विभागाचे नाव नव्हे, गावचे ऊन पाहावे.

त्यासाठी गावच्या नोंदी हव्यात, आणि त्या शाळा ठेवू शकते. दोन सारख्या तापमापी घ्या. सावलीत, हवा खेळेल अशा जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर टांगा. एकीच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा आणि वाचण्याआधी काही मिनिटे पुठ्ठ्याने वारा घाला. दुपारी अडीच वाजता दोन्ही आकडे वहीत लिहा. सुट्टीत हे काम शाळेजवळ राहणारी मुले आळीपाळीने करतील. त्याच दिवसांच्या नोंदी कोकणातल्या एखाद्या शाळेकडून मागवा आणि शेजारी मांडा. पुढच्या मार्चअखेरीस नवे निवेदन येईल, तेव्हा ते तपासायला वर्गात एक तक्ता तयार असेल.