समरकंद : एका दिवसाचें प्रवासवर्णन

मराठींत प्रवासवर्णनांचा सुकाळ झाला आहे, आणि त्यांतील बरींचशीं वर्णनें एका दिवसांत पाहिलेल्या शहरांचीं असतात. यांत लेखकांना दोष देण्याचें कारण नाहीं. रजा थोडी, खर्च फार, आणि वाहनें वेगवान, अशी ही स्थिति आहे. समरकंदचेंच घ्या. 2011 पासून ताश्कंदहून तेथवर शीघ्रगति आगगाडी धांवूं लागली, व दोन-सवादोन तासांत प्रवासी पोंचूं लागला. सकाळीं निघून रात्रीच्या जेवणास परत येतां येतें. कास्तील्याच्या राजाचा वकील क्लाविहो हा 1403 च्या मे महिन्यांत स्पेनहून निघाला, तो तेथें 1404 च्या सप्टेंबरांत पोंचला. तेव्हां एक दिवस अपुरा पडतो, हें रडगाणें आम्ही गाणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. दिवस एक असो वा शंभर, लेखक त्या दिवसांत पाहतो काय, आणि न पाहतां लिहितो काय, हा खरा प्रश्न आहे.

समरकंदवरील आमच्या वाचनांत आलेल्या बहुतेक लेखांत रेगिस्तानच्या चौकांत तैमूर उभा केलेला असतो. 'या कमानींखालून तो क्रूरकर्मा दौडत गेला असेल' अशा जातीचें एक तरी वाक्य हटकून सांपडतें. वस्तुस्थिति अशी कीं, तैमूर 1405 सालीं मेला आणि या चौकांतील तीन मदरशांपैकीं सर्वांत जुना, त्याचा नातू उलुघ बेग याचा, 1417 ते 1420 या काळांत झाला. समोरचा शेरदार 1619 ते 1636 मधला. आणि तिल्लाकारी त्याहूनही अलीकडचा, 1646 ते 1660 चा. म्हणजे त्या तिघांतील एकही तैमूरानें पाहिला नाहीं, आणि दोन तर बाबरानेंही पाहिले नाहींत. शेरदाराच्या कमानीवर हरणामागें धांवणारे वाघ आणि त्यांच्या पाठीवर मनुष्यमुखी सूर्य काढलेले आहेत. मदरशाच्या दारावर असें चित्र कसें आलें, हा विचार करण्यासारखा प्रश्न समोर असतां लेखक तैमूराच्या घोड्यामागें कां धांवतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

दुसरी गोष्ट डागडुजीची. उलुघ बेगाच्या मदरशाचा एक मनोरा कलला होता, तो 1932 मध्यें रशियन इंजिनियर शुखोव्ह याच्या योजनेनें सरळ करण्यांत आला. बीबी खानमची मशीद 1897 च्या भूकंपानें आणखीच ढांसळली. आज जो निळा घुमट छायाचित्रांतून दिसतो तो विसाव्या शतकांतील पुनर्रचनेचा आहे. यामुळें तो पाहण्याच्या लायकीचा नाहीं असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कारागिरी ती कारागिरीच. पण तिच्यावर सहा शतकांच्या उन्हापावसाच्या खुणा वाचणें म्हणजे नव्या भांड्याला कल्हईवरून पणजोबांचें म्हणण्यासारखें आहे. जुनें कोठें संपतें व नवें कोठें सुरू होतें, हें वाटाड्याला विचारलें तर तो बहुधा सांगतो. कोणी विचारीत नाहीं.

शहराचें वर्णन कसें करावें हें ज्याला शिकावयाचें असेल त्यानें बाबराचें आत्मवृत्त उघडावें. या पुरुषानें समरकंद तीनदां घेतलें आणि तीनदां गमावलें. पहिल्यानें 1497 मध्यें घेतलें तेव्हां तो पंधरा वर्षांचाही नव्हता, व शंभरेक दिवसांतच त्याला तें सोडावें लागलें. असें असूनही त्याच्या वर्णनांत उसासा असा जवळजवळ नाहींच. तटाची लांबी त्यानें पावलांनीं मोजविली. ती भरली दहा हजार सहाशें पावलें. प्रत्येक धंद्याचा बाजार वेगळा आहे हें त्यानें टिपलें. भटारखाने चांगले आहेत, सफरचंदें आणि साहिबी द्राक्षें नांवाजलेलीं आहेत, जगांतील उत्तम कागद येथें होतो, हेंही टिपलें. एका मशिदींत जमिनीवर पाय आपटला कीं सारी इमारत घुमते, आणि याचें रहस्य कोणाला ठाऊक नाहीं, एवढें सांगून तो पुढें जातो. रहस्यावर चार पानें खर्चण्याचा मोह त्याला होत नाहीं! तैमूराच्या मोठ्या मशिदीवरील लेख कोसभर अंतरावरून वाचतां येतो, आणि तिच्या बांधकामावर हिंदुस्थानांतून आणलेले पाथरवट खपले, हें त्याच्याच लेखणींतून आपणांस कळतें. दिलकुशा बागेंतील महालांत तैमूराच्या हिंदुस्थानांतील लढाईचीं चित्रें होतीं, हेंही. तो महाल आतां नाहीं. ते पाथरवट कोण होते हें तर कोणीच लिहून ठेवलें नाहीं. मराठी प्रवासी त्या मशिदीच्या अंगणांत उभा राहून 'भव्य, दिव्य' असें लिहितो. 1398 सालीं दिल्लीची कत्तल झाली, पुढल्याच वर्षीं ही मशीद सुरू झाली, आणि तिच्या दगडांवर आपल्याकडच्या धरून नेलेल्या माणसांचे हात फिरले, याचा त्याला पत्ता नसतो.

क्लाविहोलाही ही नजर होती. म्हाताऱ्या तैमूराला उभें राहवत नव्हतें, तो डोलींतून बांधकामावर येई आणि पायाच्या खड्ड्यांत राबणाऱ्यांकडे शिजलें मांस व नाणीं फेकी, हें त्यानें पाहिलें. विशेषणांच्या शंभर ओळींनीं जो तैमूर उभा राहत नाहीं, तो या एका तपशिलानें राहतो.

राहतां राहिली वेधशाळा. उलुघ बेगानें 1018 ताऱ्यांची सूची केली, आणि 1449 मध्यें पोटच्या मुलाच्या चिथावणीनें त्याचा वध झाला. पुढें वेधशाळाही मातींत गेली. ती 1908 मध्यें व्यात्किन यानें हुडकून काढली. आज उरला आहे तो प्रचंड षष्ठांश यंत्राचा जमिनीखालचा, खडकांत कोरलेला भाग. बाबर या वेधशाळेविषयीं लिहितांना उज्जयिनी व धार येथील विक्रमकालीन वेधांची आठवण काढतो, व तीं कोष्टकें सदोष ठरवितो. त्याचा हा निवाडा आपणांस रुचो वा न रुचो, तुलना करण्याची बुद्धि त्याला झाली. अठराव्या शतकांत सवाई जयसिंगानें आपलीं कोष्टकें रचतांना उलुघ बेगाचींच समोर ठेविलीं होतीं, आणि जयपूरच्या वेधशाळेंत त्याच जातीचें षष्ठांश यंत्र आहे. हिंदी वाचकाला समरकंद परकें वाटूं नये असें एखादें स्थळ असेल तर तें हेंच. परंतु तें गांवाबाहेर टेकडीवर पडतें, तेथें निळा घुमट नाहीं, छायाचित्रही फारसें चांगलें येत नाहीं. म्हणून तें दिवसाच्या शेवटीं ठेवलेलें असतें, आणि तोंपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झालेली असते.